ऊन म्हणू नका, पाऊस म्हणू नका!

मतदानाची टक्केवारी घसरली, की दुसऱ्या दिवशी पहिला आळ येतो तो हवामानावर. "ऊन फार होतं हो," नाहीतर "पावसानं घोळ केला." माझं माहेर मराठी, सासर कन्नड. त्यामुळे ही सबब मी दोन्ही भाषांत ऐकते. इकडे ऊन म्हणतात, तिकडे ‘बिसिलु’, एवढाच काय तो फरक!

हवामान आणि निवडणूक यांचं नातं तसं जुनंच. देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत हिमाचलमधल्या चिनी भागात बर्फ पडण्याआधी, २५ ऑक्टोबर १९५१ रोजीच मतदान उरकून घेतलं होतं. बाकीच्या बहुतेक देशानं मत दिलं ते १९५२ साली. आपल्याकडे बर्फ नाही, पण उन्हाळा चुकत नाही. कर्नाटकात २०१३, २०१८ आणि २०२३ या तिन्ही वर्षी विधानसभेचं मतदान मे महिन्यातच झालं.

पण ऊन-पाऊस आला म्हणून मतदान घटलं, असं सरसकट म्हणता येत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये महाराष्ट्र विधानसभेच्या वेळी पश्चिम महाराष्ट्राला पावसानं झोडपून काढलं होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोल्हापूरकरांनी महापूरही सोसला होता. तरी करवीर मतदारसंघात ८० टक्क्यांच्या वर मतदान झालं आणि मुंबईच्या कुलाब्यात जेमतेम ४० टक्के! २०२४ च्या लोकसभेला मे महिन्याच्या उन्हात चिक्कोडीत सुमारे ७८ आणि बेळगावात सुमारे ७१ टक्के लोकांनी मत दिलं. त्याआधी एप्रिलमध्ये बेंगळुरू दक्षिणमध्ये आकडा ५३ च्या आसपासच अडला होता. ज्याला जायचं असतं तो छत्री घेऊन जातो, डोक्यावर टॉवेल टाकून जातो.

मग ऊन-पाऊस अडवतो तरी कोणाला? मला वाटतं, जिचं जाणं दुसऱ्याच्या हाती असतं तिला. आमच्या गल्लीत एक अज्जी आहेत. एका निवडणुकीत सकाळी घरातले सगळे भराभर मत देऊन आले. अज्जींना म्हणाले, "आत्ता गर्दी आहे, ऊन उतरल्यावर नेतो." मे महिन्यातली आपली दुपार कशी असते ते सांगायला नको. चारनंतर ढग भरून आले, वारा सुटला आणि वळीव कोसळला. इस्त्रीचं लुगडं नेसून अज्जी संध्याकाळपर्यंत सोप्यावर बसून राहिल्या. रात्री मला एवढंच म्हणाल्या, "माझं मत घरातल्यांनी मोजलंच नाही बघ." त्या घरानं नोंदीत आपली टक्केवारी थोडी कमी केली, अज्जींचं मात्र सगळंच गेलं.

आणि उन्हाला कमी लेखावं असंही नाही. १ जून २०२४ रोजी, शेवटच्या टप्प्यात, एकट्या उत्तर प्रदेशात निवडणुकीच्या कामावरचे ३३ कर्मचारी उष्म्यानं दगावल्याचं तिथल्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी सांगितलं. त्यानंतर, ही निवडणूक निदान महिनाभर आधी संपायला हवी होती, असं खुद्द मुख्य निवडणूक आयुक्तांनीच कबूल केलं. तेव्हा रांगेत सावली, पिण्याचं पाणी आणि बसायला बाक मागणं म्हणजे चैन नव्हे. मतदाराइतकाच तो टेबलामागे दिवसभर बसणाऱ्यांचाही हक्क आहे.

घरात मात्र आपल्यालाच काही गोष्टी ठरवता येतात. मे महिन्यात मतदान असेल, तर घरातल्या थोरल्यांना पहिल्या खेपेला न्यावं, तरण्यांनी मागून जावं. स्वयंपाक थोडा उशिरा झाला तरी चालेल. "आधी डबे होऊ देत, मग जाऊ" म्हणता म्हणता बायकांच्या नशिबी भर बाराचं ऊन येतं. चालवतच नसेल, तर घरी बसून मत देण्याची सोय आहे. २०२३ च्या विधानसभेला ती ८० वर्षांवरच्यांना होती, २०२४ च्या लोकसभेपासून ८५ वर्षांवरच्यांना आहे; ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांनाही ती मिळते. त्यासाठी ‘१२-डी’ अर्ज निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो. म्हणजे आभाळाकडे बघून नव्हे, तर त्याच्या कितीतरी आधी घरात विषय काढायला हवा. आणि वळिवामुळे उशीर झालाच, तरी वेळ संपण्याआधी रांगेत उभं राहिलेल्याला चिठ्ठी मिळते. मग कितीही वाजोत, त्याचं मत घेतलंच जातं.

मत कोणाला द्यायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. पण घरातल्या प्रत्येकाला केंद्रापर्यंत पोचता येईल का, हे आदल्या रात्री जेवताना सगळ्यांनी मिळून ठरवावं. ‘मतदान’ हा शब्द मराठीत आणि कन्नडमध्ये एकच आहे. "तुम्ही राहू द्या" हे मात्र दोन्ही भाषांत, निदान त्या दिवशी तरी, कोणी म्हणू नये.