रक्ताचा अहवाल आणि हातावरील काळानिळा डाग

धान्याच्या घाऊक व्यापारात नमुन्याचे महत्त्व कोणास सांगावयास नको. शंभर पोत्यांच्या थप्पीतून सळईने काढलेल्या मूठभर गव्हावरून आपण भाव ठरवितो. परंतु तो नमुना कोठून काढला, केव्हा काढला, मध्ये ओल तर लागली नाही ना, हे विचारल्यावाचून जाणता व्यापारी माल नाकारीत नाही. हीच सावधगिरी आपण रक्ताच्या अहवालाविषयी मात्र बाळगीत नाही. अलीकडे आपले अनेक सभासद वर्षाकाठी रक्त तपासून घेतात. डॉक्टरांच्या दृष्टीस पडण्यापूर्वीच अहवाल मोबाइलवर येतो, त्यात एखादा आकडा ठळक छापलेला दिसतो, आणि साऱ्या घराची झोप उडते. प्रस्तुत लेखक भुसार व्यापारी आहे, वैद्य नव्हे. जाणकारांस विचारून जे कळले ते सर्वांच्या उपयोगी पडावे, एवढाच हेतू.

मर्यादा कशी ठरते?

अहवालात प्रत्येक आकड्यापुढे एक मर्यादा छापलेली असते. निरोगी माणसांचे रक्त तपासून त्यांपैकी मधल्या शेकडा ९५ जणांचे आकडे ज्या दोन टोकांच्या आत येतात, ती टोके म्हणजे सामान्यतः ही मर्यादा होय. अर्थात शंभर निरोगी माणसांपैकी पाच जण कोणताही रोग नसता तिच्याबाहेर पडतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या एकदम केल्या, तर निरोगी माणसाचाही निदान एक आकडा बाहेर जाण्याचा संभव शेकडा ६४ इतका असतो. तेव्हा किंचित बाहेर गेलेला एकटा आकडा हा निकाल नव्हे. डॉक्टरांस विचारावयाचा प्रश्न होय.

साखर व कोलेस्टेरॉल यांच्या मर्यादा मात्र पुढे होणाऱ्या अपायाच्या धोक्यावरून ठरविलेल्या आहेत. तेथे ‘थोडेसेच जास्त आहे’ म्हणून स्वस्थ बसू नये. उपाशीपोटीची साखर १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक आली, तर मधुमेहाची शंका घेतात. लक्षणे नसल्यास दुसऱ्या चाचणीने खात्री करून मगच निदान पक्के करतात.

नमुना कसा बिघडतो?

रक्त काढताना मूठ वारंवार आवळली, किंवा नळीत तांबड्या पेशी फुटल्या, तर पोटॅशियमचा आकडा वाढलेला दिसतो. परंतु खरोखरच वाढलेले पोटॅशियम हृदयास घातक असल्याने, ‘नमुना बिघडला असेल’ असे घरच्या घरी ठरवू नये. त्याच दिवशी विचारणा करावी. साध्या नळीतील रक्त तसेच पडून राहिले, तर पेशी साखर खात राहतात व आकडा घटतो.

माझ्या एका आडतदार स्नेह्यांच्या अहवालात प्लेटलेट ६२ हजार आल्या. सामान्यतः त्या दीड ते साडेचार लाख असतात. घरात रडारड झाली. डॉक्टरांनी काचपट्टीवर रक्त पाहविले, तेव्हा नळीतील औषधामुळे प्लेटलेट एकमेकींस चिकटून त्यांचे पुंजके झाल्याचे दिसले. यंत्राने ते पुंजके मोजलेच नव्हते. दुसऱ्या प्रकारच्या नळीत रक्त घेताच संख्या दोन लाखांवर आली.

आपल्या समाजास विशेष लागू अशी एक गोष्ट आहे. पर्युषणातील अनेक दिवसांच्या उपवासानंतर युरिक आम्ल वाढलेले दिसू शकते, आणि काही निरोगी माणसांच्या यकृताच्या चाचणीत बिलिरुबिनही वाढते. म्हणून उपवासाची माहिती डॉक्टरांस अवश्य द्यावी. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असल्यास तेही सांगावे. त्यांमुळे थायरॉईडचा आकडा चुकू शकतो.

हातावरील डाग

रक्त दिल्यावर कोपराच्या खळगीत डाग उमटला की पुष्कळजण घाबरतात. शिरेस पडलेल्या छिद्रातून थोडे रक्त त्वचेखाली झिरपते, एवढेच त्याचे कारण. डाग आधी जांभळा-निळा, मग हिरवट, मग पिवळा होतो व बहुधा एकदोन आठवड्यांत नाहीसा होतो. उतारवयात त्वचा पातळ व शिरा नाजूक झाल्याने तो अधिक मोठा दिसतो. सुई निघताच हात सरळ ठेवून कापसाने सुमारे पाच मिनिटे घट्ट दाबावे. हात कोपरात दुमडून बसण्याची सर्वत्र रीत आहे, ती बरी नव्हे. त्या दिवशी त्या हाताने पोते वा जड पिशवी उचलू नये. पहिल्या दिवशी थंड पाण्याची घडी ठेवावी.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी दहा मिनिटे दाबावे. परंतु डाग पाहून त्या गोळ्या स्वतःच्या मनाने कदापि बंद करू नयेत. हृदयात स्टेंट बसविलेल्या आमच्या पेठेतील एका वृद्ध व्यापाऱ्यांनी काळा पडलेला हात पाहून गोळ्या सोडण्याचे ठरविले होते. सूनबाईंनी वेळीच डॉक्टरांस दूरध्वनी केला. स्टेंटमध्ये गुठळी झाली असती, तर प्राणांवर बेतले असते. डाग तर आठवड्यात जाणारच होता.

मात्र सूज वाढत चालली, बोटांस मुंग्या वा बधिरता आली, जागा लाल होऊन ताप आला, तर विलंब करू नये. सुई न लागलेल्या ठिकाणीही डाग उठू लागले, हिरड्यांतून रक्त येऊ लागले किंवा शौचास डांबरासारखे काळे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांस गाठावे.

सारांश, एका दिवसाच्या कीर्दीवरून पेढीचा नफातोटा कळत नाही; खतावणी पाहावी लागते. प्रत्येकाने आपले जुने अहवाल तारीखवार एका फाइलीत लावून ठेवावेत, शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासणी करावी, आणि नवा आकडा मागच्या आकड्यांशी ताडून पाहण्यास डॉक्टरांस ती फाइल दाखवावी. निष्कारण भय आणि निष्काळजीपणा, या दोहोंपासूनही एवढ्या शिस्तीने बचाव होईल.