ओढ्यातल्या दगडाखालची वस्ती

पावसाळा सरला की ओढ्याचं गढूळ पाणी निवळतं. तळातले काळे दगड दिसू लागतात. त्यांवर पाय देऊन आपण पलीकडं जातो. पण त्या दगडाखाली कोण राहतं, हे कधी पाहिलं आहे का?

एकदा पाहा. वाहत्या पाण्यातला एखादा दगड हळूच उचला आणि उलटा करा. त्यावर चपटे, मातकट रंगाचे किडे सरसर पळताना दिसतील. किडा नखाएवढा. पाय सहा. मागं बहुधा तीन बारीक शेपट्या. हे मेफ्लाय नावाच्या माशीचं पिल्लू.

याच्या पोटाच्या दोन्ही अंगांना पातळ कल्ले असतात. त्यांच्या साह्यानं ते पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेतं. दगडावरचं शेवाळ आणि कुजलेला पाला खातं. असे कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने जातात. मग ते पाण्याच्या वर येतं, कात टाकतं आणि पंख पसरून उडतं. पंख फुटल्यावर ही माशी काही खात नाही. तिचं तोंड खाण्याच्या कामाचंच राहत नाही. जोडीदार शोधायचा, अंडी घालायची आणि मरायचं. काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत, सारं उरकतं.

दगडाला कधी वाळूची बारीक नळी चिकटलेली दिसते. तेही एका अळीचं घर. ही अळी तोंडातून रेशमासारखा धागा काढते आणि वाळूचे कण एकाला एक जोडते. शेजारीच चतुराचं पिल्लू दबा धरून बसतं. ते शिकारी असतं. डासांच्या अळ्या ते मटकावतं.

कोणी म्हणेल, “गुरुजी, या किड्यांचं आम्हांला काय?” सांगतो.

ओढ्यात सांडपाणी सोडलं की घाण कुजते. कुजताना पाण्यातला प्राणवायू संपत जातो. मग कल्ल्यांनी श्वास घेणारी पिल्लं गुदमरतात. पण डासाची अळी मरत नाही. ती पाण्याच्या वर नळी काढून बाहेरची हवा घेते. म्हणजे घाणीनं डासाचे वैरी मरतात आणि डास मात्र वाढतात!

दुसरं संकट फवारणीचं. आमच्या आळे गावाच्या भागात टोमॅटो, कांदा पिकतो. औषध मारावं लागतं, हे आम्ही जाणतो. पण फवारणी झाली की पंप ओढ्यात विसळणारे लोकही आम्ही पाहिले आहेत. किडे मारणारं औषध शेतातला किडा आणि ओढ्यातला किडा असा भेद करत नाही. थोडं औषधही पुष्कळ पिल्लांना पुरतं. ते पाणी आपलीच गुरं पितात. शिवाय पाणी पुढं वाहत जातं. आपली कुकडी घोड नदीला मिळते, घोड भीमेला मिळते. खालच्या गावांनी काय करावं?

म्हणून पंप शेतातच धुवा. औषधाची बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता आणि पिकावर मारा. बाटली ओढ्यात टाकू नका.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. दगडाखाली ही पिल्लं पुष्कळ दिसली, तर ओढा धडधाकट आहे असं समजा. पण म्हणून ते पाणी तसंच पिऊ नका. रोगाचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. पाणी उकळूनच प्यावं.

दिवाळीनंतर मुलांना घेऊन ओढ्यावर जा. दोन-चार दगड उलटून पाहा. पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा पाहा. वस्ती वाढली की घटली, ते तुमचं तुम्हांलाच कळेल. आणि दगड पुन्हा होता तसा ठेवा. ते कुणाचं तरी घर आहे.