टाकी फुल, तरी काटा शून्यावर? जुन्या गाडीचं मीटर बदलण्याआधी एक वायर तपासा

अकोला ते अमरावती, साधारण १०० किलोमीटर. जून २०२२ मध्ये हा रस्ता जगभर गाजला. लोणी ते माना या टप्प्यात एका लेनच्या हिशोबाने ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि गिनीज बुकात नोंद झाली.

पण रस्ता कितीही झकास असो, जुनी प्रीमियर पद्मिनी चालवणाऱ्याचं लक्ष पेट्रोलच्या काट्यावरच असतं. काटा अर्ध्यावर दिसतोय, आणि मूर्तिजापूरजवळ, मे महिन्याच्या ४५ अंशांत, गाडी आचके देत बंद पडते. टाकी कोरडी!

मग ‘मीटर गेलं’ म्हणत नवं मीटर शोधणं सुरू होतं. कुर्ल्यात बनणारी पद्मिनी २००० च्या सुमारास बंद झाली, त्यामुळे पार्टसाठी वणवण ठरलेली. गंमत म्हणजे बऱ्याचदा मीटर ठणठणीत असतं. बिघाड असतो मागे, टाकीत.

काटा हलतो कसा?

टाकीत एका दांडीवर फ्लोट, म्हणजे तरंगणारा पोकळ डबा असतो. पेट्रोलसोबत तो वर-खाली होतो. दांडीचं दुसरं टोक तारेच्या गुंडाळीवर सरकतं आणि करंट कमी-जास्त होतो. तेवढाच मीटरचा काटा हलतो. या सगळ्या जोडणीला गॅरेजमध्ये ‘टँक युनिट’ म्हणतात.

लक्षणं काय सांगतात?

• काटा कायम शून्यावर: फ्लोटला भोक पडून त्यात पेट्रोल शिरलं असेल, किंवा वायर सुटली असेल.
• काटा एकाच जागी अडकला: दांडी जाम.
• काटा नाचतो: गुंडाळी झिजली किंवा अर्थिंग ढिलं.
• पेट्रोल आणि टेंपरेचर, दोन्ही काटे चुकतात: आधी फ्यूज बघा. काही जुन्या गाड्यांत दोन्ही मीटरला मिळून एक व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो, तोही तपासा.

एका वायरची टेस्ट

१. चावी बंद करा. टँक युनिटवरची मीटरची वायर काढा. दोन वायर असतील, तर एक रिझर्व्हच्या दिव्याची असू शकते.
२. वायर मोकळी ठेवून चावी चालू करा. काटा कुठे जातो ते बघा.
३. चावी बंद करून वायर गाडीच्या बॉडीच्या स्वच्छ पत्र्याला घट्ट जोडा. आता क्षणभरच चावी चालू करा. जास्त वेळ ठेवलं तर मीटर जळू शकतं.

काटा एका टोकावरून दुसऱ्या टोकाला गेला? मग मीटर आणि वायर दोन्ही ठीक, दोष टँक युनिटचा किंवा त्याच्या अर्थिंगचा. काटा जागचा हललाच नाही, तर वायर, फ्यूज किंवा मीटर तपासायचं.

युनिट उघडण्याआधी अर्थिंगचा गंजलेला स्क्रू घासून बघा. कधी कधी काम तिथेच होतं.

इथे घाई नको

पेट्रोलची वाफ ठिणगीने पेटते, आणि वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात ती जास्तच तयार होते. पेट्रोलचा वास येत असेल तर ही टेस्ट करूच नका. युनिट बाहेर काढायचं तर बॅटरीची वायर आधी सोडा, काम सकाळी गारव्यात आणि मोकळ्या जागेत करा. सवय नसेल तर हे काम मेकॅनिकवर सोपवा. बाहेर काढलेला फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळलं, तर चोर सापडला.

दुरुस्ती होईपर्यंत?

टाकी फुल करा आणि किलोमीटरचा आकडा लिहून ठेवा. गाडी लिटरला १२ किलोमीटर देत असेल, तर अकोल्याहून अमरावतीला जाऊन परत यायला साधारण १७ लिटर लागतात. थोडं जास्तच भरा. काटा खोटं बोलेल, पण हा हिशोब रस्त्यात सोडणार नाही.