त्या ओरडण्यामागे काय असतं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर.

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. "धाकट्या भावाला ऑटिझम आहे. मधेच डोकं भिंतीवर आपटतो, चावतो. आई पार थकून जाते. मी काय करू?" मी विशेष शिक्षिका आहे, त्यामुळे अशी मुलं आणि त्यांची दमलेली घरं रोज बघते. म्हटलं, आज यावरच बोलूया.

ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात. यात मेंदूची जडणघडणच वेगळी असते. आईवडील वळण लावायला कमी पडले म्हणून ऑटिझम होत नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसवा. आणि दुसरं म्हणजे, मारणं, चावणं ही ऑटिझम ओळखायची लक्षणं नाहीतच. लोकांशी संवाद साधताना येणारी अडचण, तेच तेच करण्याची ओढ, आवाज-उजेड-स्पर्श फार जास्त किंवा फार कमी जाणवणं, ही लक्षणं. मग चावणं कुठून येतं? काहीतरी नको असतं किंवा हवं असतं, आणि ते सांगायला शब्द नसतात, तिथून.

साधारण चार कारणं असतात. समोरचं काम किंवा जागा टाळायची असते. कुणीतरी लक्ष द्यायला हवं असतं. एखादी वस्तू हवी असते. किंवा शरीराला काहीतरी सोसत नसतं, नाहीतर त्या हालचालीनेच बरं वाटत असतं.

आता गंमत बघा. तीन मुलं वही फाडतात. पहिल्याला गणित जमत नाहीये. दुसऱ्याला बाईंनी जवळ यायला हवंय. तिसऱ्याला कागद फाटतानाचा आवाज आवडतो. तिघांनाही शिक्षा म्हणून वर्गाबाहेर उभं केलं, तर पहिल्याला हवं तेच मिळालं! उद्या तो नक्की पुन्हा वही फाडणार. म्हणून "हे कसं थांबवू?" याच्या आधी "यातून त्याला काय मिळतंय?" हा प्रश्न विचारायचा.

उत्तर शोधायला तुमचा फोन पुरेसा आहे. नोट्समध्ये प्रत्येक वेळी तीन ओळी लिहा. आधी काय घडलं, त्याने काय केलं, नंतर आपण काय केलं. वेळही टाका. दोन आठवडे लिहा. "संध्याकाळी सात, मिक्सर लागला, स्वतःला चावला, आईने मिक्सर बंद केला." असं चार-पाच वेळा दिसलं की ते चावणं म्हणजे "आवाज बंद करा" आहे, हे कळायला लागतं.

मग पुढची पायरी. तेच सांगायचा सोपा मार्ग त्याला शिकवायचा. 1985 मध्ये एडवर्ड कार आणि मार्क ड्युरंड या मानसशास्त्रज्ञांनी हे करून दाखवलं. काम अवघड वाटणाऱ्या मुलांना त्यांनी "मला समजत नाहीये" म्हणायला शिकवलं, लक्ष हवं असणाऱ्यांना "मी छान करतोय ना?" असं विचारायला. त्रासदायक वागणं कमी झालं. पण वाक्य कारणाशी जुळणारं असेल तरच, बरं का! दुसरंच वाक्य शिकवलं तर उपयोग होत नव्हता.

बोलता न येणाऱ्या मुलासाठी चित्राचं कार्ड, हाताची खूण किंवा टॅबलेटवरचं बटण चालतं. अट एकच. त्याने "थांबा"चं कार्ड दिलं की सुरुवातीला लगेच, दरवेळी थांबायचं. कार्डापेक्षा चावण्याने काम लवकर होत असेल, तर तो कार्ड कशाला वापरेल? सवय लागली की मग हळूहळू अर्धा मिनिट, एक मिनिट थांबायला शिकवता येतं.

आता मेल्टडाउन. हट्ट करणारं मूल अधूनमधून आपल्याकडे बघतं, हवं ते मिळालं की शांत होतं. मेल्टडाउनमध्ये मुलाचा स्वतःवर ताबाच राहत नाही, हवं ते दिलं तरी लगेच थांबत नाही. अशा वेळी समजावू नका, प्रश्न विचारू नका. दिवा, टीव्ही बंद करा, गर्दी हटवा, टोकदार वस्तू उचला, डोकं आपटत असेल तर मधे उशी धरा. जबरदस्तीने मिठी मारू नका. मूल दुसऱ्याचं असेल तर फोन खिशातच राहू द्या. व्हिडिओ काढण्यापेक्षा त्या आईला "गर्दी बाजूला करू का?" विचारलंत तर जास्त मदत होईल.

आधीची तयारीही महत्त्वाची. गणपतीत ढोल-ताशा वाजणार असेल तर आदल्या दिवशी फोनवर फोटो दाखवा, कानाला लावायचे इअरमफ जवळ ठेवा आणि कुठल्या वाटेने बाहेर पडायचं ते ठरवून ठेवा.

वागणं अचानक बदललं तर मात्र आधी डॉक्टर. दातदुखी, कानदुखी, बद्धकोष्ठता, झोप न होणं, यातलं काहीच मूल सांगू शकत नाही. स्वतःला इजा करत असेल तर बालरोगतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ दोघांचीही मदत घ्या, घरच्या घरी प्रयोग नकोत.

घाई का करायची? पाच वर्षांच्या मुलाला उचलून बाजूला नेता येतं. तोच पंधरा वर्षांचा झाला की आईच्या हातात तेवढी ताकद नसते. तोपर्यंत त्याच्याकडे "नको" म्हणायचा एखादा मार्ग असायला हवा. आणि ताई-दादांनो, तुम्हीही दमता, चिडता. ते घरी सांगा, मनात ठेवू नका.

आज रात्री पहिली नोंद लिहून बघा. दोन आठवड्यांनी काय दिसलं ते मला कळवा. भेटूया पुढच्या भागात!