सात धागे, एक रिकामी खाच

विश्रांती म्हणजे काहीच न करणे, असा आपला एक समज आहे. पण दिवसभर राबलेल्या माणसाला 'आता स्वस्थ बस' म्हटले, तर शरीर तेवढे बसते. मन मात्र बागेत, बाजार समितीत आणि बँकेच्या हप्त्यात हिंडतच राहते. आमच्या पिंपळगाव बसवंतला हा अनुभव घरोघरचा. ऑक्टोबरात द्राक्षबागेची छाटणी झाली, की माल खुडेपर्यंत आभाळात ढग दिसला तरी झोप उडते. अशा घरांसाठी आज एका छंदाची ओळख करून द्यावीशी वाटते. छंद जपानी आहे, नाव 'कुमिहिमो'. सोप्या मराठीत सांगायचे, तर धाग्यांचा गोफ.

'कुमू' म्हणजे गुंफणे आणि 'हिमो' म्हणजे दोरी. जपानमध्ये रेशमाचे असे गोफ शेकडो वर्षे गुंफले जात आहेत. सामुराई योद्ध्यांच्या चिलखताच्या पट्ट्या याच गोफांनी एकमेकींना जोडलेल्या असत. तलवारीच्या म्यानालाही गोफच. १८७६ साली तिथल्या सरकारने तलवार लावून हिंडण्यावर बंदी घातली आणि कारागिरांचे मोठे गिऱ्हाईक गेले. मग त्यांचे हात किमोनोकडे वळले. किमोनोच्या रुंद कमरपट्ट्यावरून बांधायची 'ओबिजिमे' नावाची दोरी आजही अशीच गुंफतात. २०१६ च्या 'किमी नो ना वा' या जपानी चित्रपटात आजी नातीला हे काम शिकवते. माझ्या भाचीने तो पाहिला आणि तिच्यामुळे हा छंद आमच्या ओट्यावर आला.

आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. तिपेडी, चौपेडी, पाचपेडी वेणी आपल्याकडे मुलीबाळींना सहज येते. दागिने रेशमात गाठवून देणारे पटवेकरी होते. पोळ्याला बैलांच्या माथोट्या आणि गोंडे हवेतच. आणि गोव्यात, काणकोणकडे, शिगम्याला नाचतात तो गोफ! वर टांगलेल्या रंगीत दोऱ्यांची एकेक टोके हातात धरून मंडळी एकमेकांना ओलांडत फिरतात आणि मध्ये सुरेख वेणी तयार होते. मग पावले उलटी पडू लागतात आणि ती वेणी पुन्हा मोकळी होते. जपानी कारागीर 'मारुदाई' या गोल लाकडी घडवंचीभोवती वजन बांधलेले धागे सोडतो आणि हाताने ते इकडचे तिकडे नेतो. तिथे धागे फिरतात, इथे माणसे फिरतात, गणित एकच.

घरी मारुदाई लागत नाही. द्राक्षाच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घ्या. वाटीच्या तोंडाएवढी गोल चकती कापा, मधोमध पेन्सिल जाईल एवढे भोक पाडा आणि कडेला सारख्या अंतरावर आठ खाचा करा. लोकरीचे सात धागे, हव्या असलेल्या गोफाच्या दुप्पट लांबीचे, एका टोकाला गाठवून ती गाठ भोकातून खाली सोडा. प्रत्येक धागा एकेका खाचेत बसवा. आठवी खाच रिकामी राहील. ती आपल्याकडे करा. आता तिच्या उजवीकडून तिसरा धागा उचलून त्या रिकाम्या खाचेत बसवा. जी खाच नव्याने रिकामी झाली, ती आपल्याकडे फिरवा आणि पुन्हा उजवीकडून तिसरा उचला. एवढेच! थोड्या वेळाने भोकाखालून गोफ उतरू लागतो. मौज अशी, की एक खाच रिकामी असते म्हणूनच काम पुढे सरकते.

आणि चुकले तर? डावीकडून तिसरा धागा उचलत चला. गोफ आला तसा मागे उलगडत जातो.

या उलगडण्याचे मोल मला २६ नोव्हेंबर २०२३ नंतर कळले. त्या दिवशी निफाड तालुक्यात अवकाळी पाऊस आणि गारा कोसळल्या. पुढचे काही दिवस घरात कुणी फारसे बोलत नव्हते. सासूबाईंच्या हातांना रिकामे बसण्याची सवय नाही, आणि बागेत करण्यासारखे काही उरले नव्हते. त्यांनी भाचीची चकती ओढून घेतली. दुसऱ्या संध्याकाळी वीतभर गोफ झाला होता. तो त्यांनी पुरता उलगडला आणि नव्याने सुरू केला. म्हणाल्या, "हे बरं आहे गं. चुकलं तर मागं जाता येतं. बागेला कुठं मागं जाता येतं?"

गोफाने गेलेला बहर परत आला नाही, कर्जही फिटले नाही. तसा दावा कुणी करू नये. पण शेतीत छाटणी, फवारणी, विक्री यांपैकी कोणताच निर्णय मागे घेता येत नाही. अशा माणसाला दिवसातला अर्धा तास तरी असे काम हवे, ज्यात चूक महाग पडत नाही आणि तीनपर्यंत मोजण्यापलीकडे डोक्याला ताण नसतो. सासूबाई त्या दिवसांत निदान जेवायला वेळेवर उठू लागल्या, हे मी पाहिले आहे.

आजचा रविवार आहे. घरात पुठ्ठा असेल, उरलेली लोकरही असेल. मुलांना खाचा करू द्या, आजीला धागे निवडू द्या. आणि पहिला गोफ वाकडा झाला, तर उलगडून पुन्हा घ्या. पुठ्ठ्याची काही तक्रार नसते.