नाव, क्रमांक आणि गाव : मॉरिशसमधील मराठी पूर्वजांचा शोध

करारबद्ध मजुरांची मॉरिशसला होणारी रवानगी 1834 मध्ये सुरू झाली. मध्यंतरीच्या बंदीनंतर 1842 मध्ये ती पुन्हा खुली झाली आणि मुंबई बंदरातून कोकणातील अनेक माणसे त्या बेटावर गेली. त्यांचे वंशज आज मूळ गावाचा शोध घेऊ लागतात, तेव्हा पहिला आधार म्हणून ते आडनावाकडे वळतात. परंतु हाच आधार सर्वांत डळमळीत होय.

याची कारणे दोन. बेटावर उतरलेल्या मजुराचे एकेरी नावच पुष्कळदा पुढील पिढ्यांचे आडनाव झाले. म्हणून आजचे 'बाबाजी' हे आडनाव कुळाचे नसून एका व्यक्तीचे असणे संभवते. दुसरे असे की, नोंदवहीतील नाव हे मजुराने उच्चारलेले व कारकुनाने ऐकलेले नाव आहे. रोमन लेखनात 'ट' व 'त' यांचा भेद उरत नाही, 'ळ' चा 'ल' होतो, महाप्राण गळू शकतो. ऱ्हस्व 'अ' साठी 'यू' हे अक्षर योजण्याच्या तत्कालीन प्रघातामुळे रत्नागिरीचे लेखन आजच्या वाचकास 'रुटनाघेरी' असे भासते.

तेव्हा व्यक्तीची खरी ओळख म्हणजे तिचा आप्रवासी क्रमांक. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या नोंदवह्यांत या क्रमांकाबरोबर वडिलांचे नाव, वय, उंची, जात, गाव, जिल्हा व जहाज यांच्या नोंदी आढळतात. 1867 च्या कायद्यानंतर मजुराच्या ओळखपत्रावर छायाचित्रही आले. मुलांच्या जन्मनोंदींत आईबापांचे क्रमांक अनेकदा आढळतात. म्हणून संशोधकाने ज्ञात पिढीपासून एकेक जन्मनोंद व विवाहनोंद घेत मागे जावे. थेट जहाजाच्या यादीत नाव शोधू नये. एकाच नावाची अनेक माणसे त्या यादीत असतात आणि एका चुकीच्या निवडीने संपूर्ण कुटुंबास परक्याचे गाव आपले मानावे लागते.

खानेसुमारीचा उपयोग वेगळा आहे. हिंदुस्थानातील पहिली देशव्यापी गणना 1872 ची. तत्पूर्वी गेलेला मजूर तीत असणारच नाही, आणि छापील अहवालांत व्यक्तींची नावे नसून संख्या असतात. या अहवालांवरून तालुक्यांची व गावांची तत्कालीन रचना मात्र पडताळता येते. नोंदवहीत 'रत्नागिरी' असलेले गाव आज सिंधुदुर्गात असू शकते, कारण तो जिल्हा 1981 मध्ये वेगळा झाला. जातीच्या रकान्यातील 'मराठा' हा शब्दही कित्येकदा जात न सांगता केवळ भाषा वा प्रांत सुचवितो.

सारांश, क्रमांकाने व्यक्ती निश्चित करावी, ध्वनिविचाराने नाव व गाव वाचावे आणि गणनेने प्रदेश तपासावा. हा क्रम उलटविल्यास इतिहासाऐवजी केवळ नामसादृश्य हाती लागते.