उस्तादाचा दिवस

माझा जिवाभावाचा मित्र मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार आहे. सध्या बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरमध्ये तो रिक्रूटांना शिकवतो. सीमेवरून तिथे बदली झाली तेव्हा गाव म्हणालं, "सुटला बिचारा, आता आराम." त्या आरामाचा हा एक दिवस. ऋतूप्रमाणे वेळा थोड्या मागेपुढे होतात, एवढंच.

पहाटे 4.30. पोरं उठायच्या आधी उस्तादाची दाढी झालेली असते. स्वतःच्या गालावर खुंट ठेवून दुसऱ्याला कशावरून झापायचं, हा त्याचा रोकडा सवाल.

5.45. पीटी. पुढे परीक्षेत पाठीवर सामान आणि हातात रायफल घेऊन 5 किलोमीटर पळायचं असतं, दोरावर चढायचं असतं, 9 फुटी खड्डा ओलांडायचा असतो. बेळगावचा पाऊस त्यासाठी थांबत नाही. हा पळतो सगळ्यात मागून, धापा टाकणाऱ्या शेवटच्या पोराच्या बरोबरीनं.

8.30. ड्रिल. प्रत्येक तुकडीत एक जण असतोच, ज्याचा उजव्या पायाबरोबर उजवाच हात पुढे जातो. बाकीचे फिदीफिदी हसतात. हा त्याला बाजूला घेतो आणि म्हणतो, "परेड विसर. शेताच्या बांधावरून चालतोस तसा चाल." हात-पाय आपोआप जुळतात. मग हळूच 'तेज चल'.

11.00. हत्यार. इन्सास रायफल खोलायची, जोडायची. पुलथ्रूला चिंधी लावून ती बॅरलमधून ओढायची. चिंधी काळी निघाली की पुन्हा, पांढरी निघेपर्यंत. कोणी म्हणतं, "उस्ताद, झाली साफ." हा बॅरल उजेडाकडे धरून आत बघतो आणि काही न बोलता परत देतो.

दुपारी 1.00. लंगर. जेवण भरपूर, वेळ कमी.

3.00. रेजिमेंटचा इतिहास. पलटणीची सुरुवात 1768 ची. दुसऱ्या महायुद्धात इटलीत दोन मराठ्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला: 1944 मध्ये नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर, आणि 1945 मध्ये शिपाई नामदेव जाधव यांना. जाधवांनी शत्रूच्या मशीनगन बंद पाडल्या, ते हा चटकन सांगतो. त्याआधी त्यांनी दोन जखमी सोबत्यांना गोळीबारात, खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून सुखरूप आणलं, तिथे मात्र रेंगाळतो. त्याला पोरांच्या मनावर काय ठसवायचंय, ते इथे कळतं.

5.00. गेम्स. व्हॉलीबॉल खेळताना पोरं घटकाभर पोरं होतात. ही पोरं अग्निवीर. त्यांची नोकरी 4 वर्षांची, त्यानंतर कायम होणार जास्तीत जास्त चौथा हिस्सा. "उरलेल्यांचं काय रे होणार?" असं तो मला फोनवर विचारतो. मैदानावर त्यातलं काही दिसू देत नाही.

रात्री 8.00. रोल कॉल. घरच्या आठवणीनं जेवण टाकलेलं पोरगं त्याला बरोबर सापडतं. त्याच्याशी तो पाऊस, पेरणी, म्हैस असं काहीबाही बोलत बसतो.

9.30. आता त्याचा स्वतःचा फोन. आईचा गुडघा, मुलीची फी, तलाठ्याकडे अडलेली वारसनोंद. मग मला: "गड्या, जरा बघशील का?" दिवसभर हुकूम देणारा माणूस हे मात्र संकोचून विचारतो.

जवानाला वर्षात 60 दिवसांची वार्षिक आणि 30 दिवसांची किरकोळ रजा असते, तीही पलटणीला परवडेल तेव्हा. उरलेले नऊ महिने त्याचं घर शेजारीपाजारी आणि मित्रांच्या भरवशावर चालतं. तुमचाही मित्र फौजेत असेल, तर 26 जानेवारीचं स्टेटस खुशाल ठेवा. पण त्याच आठवड्यात त्याच्या आईला दवाखान्यात घेऊन जा, तलाठी कार्यालयात एक हेलपाटा घाला, काम अडलंच तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. आणि त्यानं विचारायची वाट बघू नका.